बोट नसतानाचा स्पर्श

ती थप्पड मी पाहिली. ऐकली मात्र नाही. यंत्रमागांच्या शेडमध्ये सगळे माग एकदम चालू असले की माणसाच्या तोंडून किंवा अंगातून निघालेला कोणताही आवाज दोन हातांपलीकडे जात नाही. धाकट्या भावाची मान झटक्यात वळली, त्याच्या कानामागे खोचलेली पेन्सिल उडून मागाखाली गेली आणि थोरल्याचा हात पुन्हा वर गेला. जवळच्या मागावरच्या कामगाराने तुटलेला धागा जोडता जोडता डोळे वर केले आणि लगेच खाली घातले. मी दाराशी उभा होतो. दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलेला त्यांचा लॅपटॉप मी नुकताच परत आणून दिला होता, आणि थोरल्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले होते, "मशीन ठीक आहे, मालक."

त्या घरात या वाक्याचा अर्थ काय होणार हे मला ठाऊक होते. तरीही मी ते बोललो, कारण ते खरे आहे अशी माझी खात्री होती.

थप्पड पुरली नाही. थोरल्याने त्याला मानेला धरून एका बंद मागापाशी नेले, त्याचा उजवा हात मागाच्या लोखंडी चौकटीवर दाबून धरला आणि कोपऱ्यातली लाकडी पट्टी उचलली. ती पट्टी बोटांवर पडताना मी पाहत होतो. धाकट्याचे तोंड उघडले. त्यातून जे काही बाहेर पडले ते खडखडाटात कुठल्या कुठे गेले. पट्टी पुन्हा पडली. मी दोन पावले पुढे गेलो आणि थांबलो. मनाशी म्हणालो, हे भावाभावांचे आहे, आपण परके. मग मी पाठ फिरवली आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो. मला ओळखणारी माणसे मला शांत माणूस म्हणतात. त्या दिवशी रस्त्यावर उभा असताना मला प्रथमच असे वाटले की माझ्या शांतपणात आणि भित्रेपणात काही फरक असलाच, तर तो फक्त मला दिसत असावा.

भवानी पेठेतला तो कारखाना दोघा भावांचा. घरात तेलुगू, कामगारांशी मराठी, सुताच्या व्यापाऱ्याशी दखनी, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जाई. थोरला माझ्याहून थोडाच लहान, पन्नाशीला टेकलेला. माग, सूत, गिऱ्हाईक, सगळे तोच पाहत असे. धाकटा पस्तिशीचा. जेकार्डच्या, विणीतच नक्षी उठणाऱ्या, चादरींची डिझाइने तो लॅपटॉपवर काढी. पडद्यावरचा एकेक चौकोन रंगाने भरत काठ, वेली, मोर उभे करी. बाप लवकर गेल्यामुळे थोरल्यानेच त्याला वाढवले होते. शिकवले त्यानेच, लग्न लावून दिले त्यानेच, आणि मारलेही त्यानेच.

धाकटा प्यायचा. एकदा तो पिऊन चालू मागात हात घालायला निघाला, तेव्हा थोरल्याने केसांना धरून त्याला मागे ओढले होते. हात वाचला. त्याच दिवशी देवासमोर ठरले की पुन्हा एक घोट घेतला तर बायको आणि मुलीसह घराबाहेर, आणि कारखान्यातही पाऊल टाकायचे नाही. त्यानंतर धाकट्याने दारूला शिवलेही नव्हते. निदान तो आणि त्याची बायको तसे सांगत होते, आणि थोरलाही त्यांच्यावर विश्वास ठेवून होता.

मग डिझाइनमधल्या रेघा थरथरू लागल्या.

काठाच्या सरळ रेघेला मध्येच दात फुटत. भरलेल्या रंगात भलताच ठिपका पडे. असे एक डिझाइन कोणाच्या लक्षात येण्याआधी विणूनही झाले. थोरल्याने ती चादर माझ्या कार्यालयात आणून टेबलावर पसरली आणि काठावर बोट ठेवले.

"सर, तुमी शिकलेली माणसं. ही रेघ बघा. ही शुद्धीवरच्या माणसानं काढलीया व्हय?"

"टचपॅडचाही दोष असू शकतो, मालक."

"टचपॅड पितोय व्हय?" तो म्हणाला आणि स्वतःच हसला. हसू लगेच गेले. "माउस बी दिला त्याला. माउसनं बी तसंच. म्हणजे हातच की. हात थरथरतोय त्याचा. आन तसला हात मी लई वर्सं बघितलाय."

माउसचा हा पुरावा मलाही पटण्यासारखा वाटला. वास्तविक माउस जोडला तरी टचपॅड जागाच असतो, आणि तो मध्येच काही बोलला तर कर्सर दोघांचेही ऐकतो. ज्या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे पुण्यात टचपॅडचे प्रोग्राम लिहिण्यात घालवली, त्याला हे सुचायला हवे होते. मी इतकेच म्हणालो, "लॅपटॉप ठेवून जा. बघतो. चार्जरची गरज नाही, माझ्याकडे आहे."

"बघा. पर खरं सांगा," तो जाताना म्हणाला. "मशीनचा दोष निघाला तर मी त्याच्या पाया पडतो. न्हाय निघाला, तर मग माझं मी बघतो."

म्हणजे निकाल मी द्यायचा होता, आणि मी तो स्वीकारला. कोणी आपल्याला न्यायाधीश केले की मनात जी एक सूक्ष्म गुदगुली होते, ती मला झाली होती.

या लॅपटॉपशी माझी ओळख जुनी होती. गेल्या हिवाळ्यात त्याचा टचपॅड मधूनच मेल्यासारखा पडत असे. टचपॅड आणि संगणक यांच्यातला व्यवहार दार ठोठावण्यासारखा असतो. बोट टेकले की टचपॅड एका तारेवरून दार ठोठावतो. प्रोसेसर हातातले काम टाकून दाराशी येतो आणि ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम विचारतो, काय आणलेस? या ठोठावण्याला इंटरप्ट म्हणतात. त्या लॅपटॉपवर दार सारखे वाजत होते, आणि ड्रायव्हरने उघडून पाहावे तर बाहेर कोणी नाही. ऑपरेटिंग सिस्टिम हे काही काळ सोसते. मग ती ते दारच बंद करते, आणि जाता जाता एवढेच नोंदवते की याची कोणीही दखल घेतली नाही.

त्या वेळी मी सोपा उपाय केला. ड्रायव्हरला सांगितले, यापुढे ठोठावण्याची वाट पाहू नकोस. तूच क्षणाक्षणाला बाहेर जाऊन बघ आणि जे असेल ते घेऊन ये. टचपॅड लगेच चालू झाला. धाकट्याने माझे हात हातात घेतले, पेढे आणले. दार का वाजत होते, हे मी शोधले नाही. मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबतो. घाईतले कामगार ती थांबवणारी पट्टीच दोऱ्याने बांधून टाकतात, आणि मग चादर विरळ निघते. असे काम करणाऱ्यांना मी मनात हसत असे.

या खेपेस मी लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला, माझा चार्जर लावला आणि दिवसभर रेघा ओढल्या. उभ्या, आडव्या, तिरक्या. त्यांच्याच डिझाइनचा काठ पुन्हा काढून पाहिला. एकाही रेघेला दात फुटला नाही. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन शेडमध्ये गेलो आणि ते वाक्य बोललो.

पट्टीचा प्रसंग घडला त्याच्या पुढच्या सकाळी धाकट्याची बायको माझ्या कार्यालयात आली. मी तिला पूर्वी एकदाच पाहिले होते. डोक्यावरचा पदर दातांत धरून ती दारातच उभी राहिली.

"बसा, ताई."

"बसायला न्हाय आले. मशीनमध्ये काय बघितलं ते सांगा."

मी सांगितले की सगळे तपासले, काही दोष आढळला नाही.

"तुमाला आढळला न्हाय म्हणजे न्हाईच, व्हय?"

मी पुन्हा खुर्चीकडे हात केला.

"मी रोज त्यांच्या तोंडाचा वास घेते, सर. जेवायच्या आदी घेते, झोपल्यावर बी घेते. बायकोच्या नाकापेक्षा तुमचं मशीन शाणं हाय का? थेंब न्हाय घेतला त्यांनी. आन बोटं बघा जाऊन, वांग्यावानी सुजलीत. दवाखान्यात काय सांगितलं म्हाईत हाय? पट्टा लागला म्हणून. मागाचा पट्टा."

"डॉक्टरांना खरं वाटलं?"

"त्यांना काय नवीन हाय व्हय? आमच्याकडं नवऱ्यानं बायकोचं डोकं फोडलं तरी मागानंच फोडलं म्हणायचं. सासूनं पोळवलं तरी मागच." ती थोडे हसली, तिच्या हसण्याकडे मला पाहवेना. "मागाला तोंड न्हाय ना, सर. कायबी घाला त्याच्यावर."

ती हे बोलली तेव्हा मला त्या वाक्याची दुसरी बाजू दिसली. ज्या गल्लीत माणसांचा प्रत्येक अपराध यंत्रावर घालतात, तिथे या एकाच वेळी यंत्राचा अपराध माणसावर घातला गेला असण्याची शक्यता होती. आणि तसे असेल, तर तो घालणारा मी होतो.

"मी शेडमध्ये येतो," मी म्हणालो.

"या. पर या टायमाला तितं बसून बघा. हितं गारव्यात काय दिसणार हाय तुमाला?" माझ्याकडे पंखाच होता, तोही कुरकुरणारा, पण खुलासा करण्याची ती वेळ नव्हती. जिन्यात थांबून ती मागे वळली. "थोरले भावजी म्हणालेत, या आठवड्यात इचार करतो म्हणून. आमाला ठेवायचं का काढायचं त्याचा. माझी पोरगी शाळेत जाती, सर."

शेडमध्ये थोरल्याने मला पाहिले आणि दुरूनच हाताने अंगठा तोंडाकडे नेत खूण केली, मग जवळ येऊन कानात ओरडला, "आज मशीनला दारू पाजून बघणार व्हय?" धाकटा सकाळपासून बाहेर गेला होता. कुठे, ते कोणाला माहीत नव्हते. शेडच्या टोकाला प्लायवूडचा आडोसा करून डिझाइनचे टेबल ठेवलेले होते. टेबलावर चार्जर लावलेला लॅपटॉप, सुताचे नमुने, एक जुना धोटा. धोटा म्हणजे आडव्या बाण्याचा धागा घेऊन उभ्या ताण्यातून इकडून तिकडे धावणारे लाकडी नौकेसारखे साधन. त्याच्या दोन्ही टोकांना पोलादाच्या चोची असतात.

मी बसलो. सर्वप्रथम हिवाळ्यात केलेला माझा उपाय काढून टाकला, आणि इंटरप्ट पूर्ववत सुरू केला. मग कोणत्या भागाने प्रोसेसरचे दार किती वेळा ठोठावले ते दाखवणारे आकडे पडद्यावर उघडे ठेवले आणि हात मांडीवर घेतले. काही करायचे नव्हते, फक्त पाहायचे होते. टचपॅडला कोणाचेही बोट लागलेले नव्हते, तरी त्याच्या ओळीतला आकडा धावत होता. थांबत नव्हता. माझ्या कार्यालयात, माझ्याच उपायाखाली, ही ओळ मेलेली असल्यामुळे मला कधी दिसलीच नव्हती.

उजेड नीट यावा म्हणून मी टेबल सरकवले आणि चार्जरचा प्लग बोर्डातून निघाला. आकडा थांबला. प्लग लावला, आकडा धावू लागला. पुन्हा काढला, पुन्हा थांबला. मी प्लग हातात घेऊन पाहिला. त्याची वरची जाड पिन, जी वीज जमिनीत उतरवण्यासाठी असते, ती करवतीने मुळापासून कापलेली होती. बोर्डावरचे सगळेच प्लग तसे होते. बोर्डातले ते तिसरे भोक कापसाच्या तुसाने वर्षानुवर्षे गच्च भरलेले. पिन आत जात नाही, म्हणून नवा प्लग आला की आधी तिसरी पिन कापायची ही तिथली रीत होती. मी मनगटाची आतली बाजू लॅपटॉपच्या कडेला टेकवली. बारीक मुंग्या आल्या. चार्जरमधून झिरपणाऱ्या विजेला जमिनीकडे जाण्याची वाट नव्हती, म्हणून ती लॅपटॉपच्या अंगातच फिरत होती, आणि टचपॅडला तो कोणाचा तरी स्पर्श वाटत होता. हिवाळ्यात तो याचसाठी दार ठोठावत होता. मी दार बंद करून ड्रायव्हरला बाहेर पाठवले. आणि बाहेर जे काही हाती लागले ते त्याने बोट समजून मुकाट आत आणले. रेघेला फुटणारे दात ते होते. मी त्यांचा चार्जर नको म्हटले नसते, तर हे मला माझ्याच टेबलावर दिसले असते.

मला आनंद झाला, आणि त्या आनंदात मी स्वतःलाच शाबासकी देत होतो, हे इथे लिहिले पाहिजे. मी थोरल्याला हाताने बोलावले. प्लग काढून दाखवला, लावून दाखवला. त्याला आधी कळले नाही. मग त्याने माझ्या हातातून प्लग घेतला आणि स्वतः काढू-लावू लागला. प्रत्येक खेपेला तो आकड्याकडे पाही आणि मग टचपॅडच्या रिकाम्या काळ्या चौकोनाकडे पाही. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो माझ्या कानाशी आला. ओठ नुसते हलले.

आडोशाच्या कडेला कोणीतरी धडकले. धाकटा होता. उजव्या हाताला पट्ट्या, डावा हात प्लायवूडवर. वास माझ्यापर्यंत आला, म्हणजे थोरल्यापर्यंत त्याआधीच आला असणार.

"काय अन्ना, काय निघालं?" तो मोठ्याने ओरडला, शेडमध्ये बोलायची सवय असलेल्या माणसासारखा. "मशीन प्यालंय का मी प्यालोय?"

थोरल्याने हातातला प्लग खाली ठेवला.

"न्हाय पिता बोटं मोडलीस की माझी. म्हटलं, एवढा मार फुकट कशाला घालवायचा? आता खरं झालं. आता मार."

थोरल्याच्या तोंडावर आत्ताआत्तापर्यंत जी लाज होती तिचेच त्या क्षणी काहीतरी भयंकर झाले. त्याने धाकट्याची कॉलर धरली आणि त्याचे डोके प्लायवूडवर आदळले. प्लायवूड तडकले. धाकटा खाली बसला, तर त्याने त्याच्या छातीत लाथ घातली. धाकटा हसत होता. त्याच्या दातांवर रक्त होते आणि तो हसतच होता. मी ओरडलो, "मालक, तो त्या दिवशी प्यायला नव्हता! मशीन होतं!" मला माझाच आवाज आला नाही. आयुष्यभर हळू बोलण्याचा मी जो अभिमान बाळगला, तो तिथे कुचकामी होता. थोरल्याचा पाय उचलला गेला आणि पट्ट्या बांधलेल्या हातावर आला, आणि त्याने टाच फिरवली.

माझ्या हातात धोटा आला होता. तो मी केव्हा उचलला ते आठवत नाही. कसा मारला ते मात्र स्वच्छ आठवते. मी खांद्यापासून हात फिरवला. पोलादी चोच त्याच्या डाव्या भुवईवर लागली आणि भुवई शिवण उसवावी तशी उघडली. आधी आत पांढरे दिसले, मग रक्ताने डोळा भरला. त्याने तोंडाला हात लावला. मी पुन्हा मारले, या वेळी खांद्यावर. तिसऱ्यांदाही हात उचलला होता.

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे. धाकट्याला वाचवण्यासाठी मारले, असे म्हणण्याची सोय मला आहे. पण पहिला घाव बसल्यावर मला जे वाटले ते कोणाला वाचवल्याचे समाधान नव्हते. मला बरे वाटले. हातातून काहीतरी साचलेले निघून गेल्यासारखे बरे. मी एवढ्या कष्टाने शोधून काढलेले सत्य त्याने माझ्यादेखत पायाखाली घातले, याचा तो राग होता. धाकट्याचा हात त्याच पायाखाली होता, हे मला दुसऱ्या क्रमांकाने दिसले.

तिसरा घाव पडला नाही, कारण धाकटा उठला होता. त्याने डाव्या हाताने माझा गळा धरला आणि मला टेबलावर उताणे पाडले. लॅपटॉप खाली गेला. त्याचे तोंड माझ्या तोंडाजवळ होते, म्हणून त्याचे शब्द मला नीट ऐकू आले.

"माझ्या अन्नाला? माझ्या अन्नाला मारतोस तू, ए?"

माझ्या डोळ्यांपुढे काळे येऊ लागले. त्याची बोटे आवळत होती, आणि मला वाटते, मी सुटण्याची धडपड फारशी केली नाही. त्याच वेळी कोणीतरी मेन स्विच पाडला. माग एकामागून एक थांबले. शेडमध्ये अशी शांतता पसरली की तिचीच भीती वाटली. आणि त्या शांततेत, इतक्या वेळात प्रथमच, थोरल्याचा आवाज आवाजासारखा ऐकू आला. "सोड त्याला. सोड रे. मरंल तो." आपल्या रक्ताने निसरड्या झालेल्या हातांनी तोच धाकट्याची बोटे माझ्या गळ्यावरून सोडवत होता.

दवाखान्यात आम्ही तिघे एकाच रिक्षातून गेलो. मधे थोरला, दोन बाजूंना आम्ही. धाकट्याने चादरीचा एक तुकडा भावाच्या भुवईवर दाबून धरला होता. रिक्षावाल्याने आरशातून पाहिले.

"क्या हुआ सेठ?"

"धोटा," थोरला म्हणाला.

"फिर धोटा? बहुत चलरा इस हफ्ते," रिक्षावाला म्हणाला.

डॉक्टरांनीही तेच विचारले आणि थोरल्याने त्यांनाही तेच सांगितले, फक्त थोडे अधिक. "चालू मागातून धोटा उडाला."

"धोटा उडाला नाही," मी म्हणालो. "मी मारला."

डॉक्टरांनी टाके घालता घालता माझ्याकडे वळून पाहिले. माझा चष्मा, इस्त्रीचा सदरा, पांढरे झालेले केस. ते हसले.

"तुम्ही बाहेर बसा, सर. रक्त बघितलं की काहींना असं होतं."

"मी खरं सांगतोय. दोनदा मारला."

"आमचे कॉम्प्युटरवाले सर हायत," थोरला डोळे मिटून म्हणाला. "लई मऊ माणूस हाय. जाऊ द्या."

हे तो मला वाचवण्यासाठी बोलला की मला माझी जागा दाखवण्यासाठी, ते मला समजले नाही. माझी कबुली कोणाला नको होती. ती घेतली असती तर धाकट्याच्या हाताचेही विचारावे लागले असते, आणि तो हात डॉक्टरांनी त्याच वेळी, एक शब्द न बोलता, नव्या पट्ट्यांत गुंडाळला.

बाहेर रिक्षा उभीच होती. थोरला आत बसला, सरकला, आणि शेजारची जागा हाताने थोपटून धाकट्याला म्हणाला, "पद, इंटिकि." चल, घरी. एवढे तेलुगू मला कळते. धाकट्याच्या तोंडाला अजून वास येत होता, आणि तरी, देवासमोर घातलेली अट मोडून, तो त्याला घरीच नेत होता. मला वाटले, संपले, निभावले.

धाकटा रस्त्यावरून हलला नाही.

"येतो. आदी एक सांग. आज प्यालोय मी. त्या दिवशी न्हवतो प्यालो. तेवढं म्हण."

थोरल्याने त्याच्याकडे न पाहता मला सांगितले, "सर, सांगा त्याला. तुमी बघितलंय न्हवं मशीन?"

"तो तुमच्यासमोर उभा आहे, मालक," मी म्हणालो. मी यापुढे कोणाचाही निकाल वाचून दाखवणार नव्हतो.

"चलना हाय तो चलो सेठ," रिक्षावाला म्हणाला. "खाली खडे का बी पेट्रोल जलता."

थोरला समोरच्या औषधाच्या दुकानाकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"ऐकू न्हाय आलं," धाकटा म्हणाला.

"न्हवतास म्हटलं."

"माग बंद हायत की, अन्ना. तरी ऐकू येईना."

थोरला एकदम गरजला. "न्हवतास! न्हवतास प्यालेला! झालं तुझं समाधान?" औषधाच्या दुकानातल्या माणसाने मान वर केली. रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबली. ताज्या टाक्यांच्या कडेने रक्ताचा एक थेंब फुटला आणि त्याच्या गालावर उतरू लागला. त्याने तो पुसला नाही.

धाकटा मान हलवत राहिला, बराच वेळ. मग त्याने हळू आवाजात विचारले, "आन आज प्यालोय. म्हणून आज मारलास ते बरोबर?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी इतके दिवस मशीन दोषी की माणूस, एवढेच ठरवत होतो. जणू रेघ खरोखरच त्याच्या हातून थरथरली असती, तर त्या पट्टीवर माझे काही म्हणणे नसते.

थोरल्याने डोळे मिटले, मान मागे टेकली आणि थोपटलेल्या जागेवरून हात उचलून मांडीवर घेतला. धाकट्याने वाट पाहिली. रिक्षावाल्याने गियर टाकला. अखेर धाकटा रिक्षात चढला. थोरल्याशेजारी नाही, पुढे रिक्षावाल्याच्या बाजूला, अर्धे अंग बाहेर ठेवून, पट्ट्या बांधलेला हात छातीशी धरून. घरी त्याची बायको होती, मुलगी शाळेतून यायची वेळ झाली होती, आणि त्याला जायला दुसरे घर नव्हते.

मला कोणी चला म्हटले नाही. रिक्षा वळेपर्यंत मी तिथे उभा होतो.